अंगणातील तृण : शोभेच्या गवतांच्या निवडीचा इतिहास

तृण हा शब्द आपल्या भाषेत क्षुद्रतेचा वाचक होऊन बसला आहे. ज्याची पर्वा करावयाची नाही त्यास आपण तृणवत् लेखतो. आणि माळ्याच्या हाती पहिले खुरपे येते तेही गवत काढण्यासाठीच येते. तथापि ह्याच तृणावाचून आपला संसार एक दिवसही चालावयाचा नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी, ऊस आणि बांबू ही सारी एकाच तृणकुलाची अपत्ये होत. गणपतीस दूर्वा हव्यात, श्राद्धास दर्भ हवा, उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी हवी. अन्न, पूजा आणि औषध अशा नात्यांनी गवत आपल्या घरात फार पूर्वीच आले. निव्वळ शोभेसाठी ते अंगणात लावावे, ही कल्पना मात्र पुष्कळ अलीकडची आहे. आज रोपवाटिकांतून पांढऱ्या तुऱ्यांची, जांभळ्या पानांची, पिवळ्या पट्ट्यांची गवते कुंड्यांत मांडलेली दिसतात आणि घरोघरच्या बागांत ती जाऊ लागली आहेत. अशा वेळी ह्या कल्पनेचा इतिहास एकदा उलगडून पाहणे उपयोगाचे ठरेल.

ह्या इतिहासाचे मर्म आमच्या मते एकाच गोष्टीत आहे. गवताच्या ज्या तुऱ्यावर माणसाचे मन बसते, तो तुरा गवताच्या दृष्टीने बीज वाहून नेणारे वाहन आहे. फुलझाडाचे फूल कीटकास बोलावते. गवताचा तुरा वाऱ्यास बोलावतो. तेव्हा ज्या गुणासाठी आपण गवत घरी आणतो, त्याच गुणाने ते कुंपणाबाहेर जाते. ही अडचण निरनिराळ्या देशांतील लोकांनी निरनिराळ्या रीतींनी सोडवली, काहींनी ती ओळखलीच नाही, आणि त्याचे फळ अजूनही अनेक देश भोगीत आहेत.

आपल्या प्राचीन वाङ्मयापासून आरंभ करू. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात तृणांची नावे एकामागून एक येतात : नड, काश, बल्वज, वीरण, कुश, दूर्वा. त्यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोशकार वीरण हे झाडाचे नाव देतो आणि त्याच्या मुळीस उशीर हे निराळे नाव देतो. आपण मराठीत दोहोंसही वाळाच म्हणतो. एका गवताच्या मुळीला स्वतंत्र नाव असणे, ह्यावरून त्या मुळीचे व्यवहारातील मोल ध्यानात येते. बांबूच्या नावांत तृणध्वज हे एक नाव त्याच कोशात आहे. बांबू हे गवतच होय, हे आधुनिक वनस्पतिशास्त्राचे मत त्या एका शब्दात सामावलेले आहे.

काव्यात पाहावे तर कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तील शरद्वर्णनाचा आरंभच काशाने होतो, आणि 'शाकुंतला'त तापलेल्या नायिकेसाठी उशीराचा लेप नेला जातो. ह्या दोन उल्लेखांतील भेद सूचक आहे. काश डोळ्यांनी पाहावयाचा आहे आणि तो उघड्या भूमीवर, नदीकाठी फुलतो. उशीर अंगास लावावयाचा आहे आणि तो घरात येतो. तुऱ्याचे गवत रानात आणि मुळीचे गवत घरात, अशी ही वाटणी आहे. कवींनी ती जाणून केली असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. परंतु आपल्या परसबागेच्या रीतीशी ती चांगली जुळते.

मराठी घराची परसबाग आठवून पाहावी. न्हाणीघराचे पाणी जिथे वाहत जाते तिथे अळू, केळ आणि त्यांच्या शेजारी गवती चहाचा ठोंब. कोणी त्यास हिरवा चहा म्हणतात, कोणी पातीचा चहा म्हणतात. तुळशीच्या आसपास थोड्या दूर्वा, आणि जागा असेल तर बांधाच्या कडेला वाळा. ह्यांपैकी गवती चहा व वाळा ह्या दोहोंचा एक विशेष आहे. गवती चह्यास फुलोरा क्वचितच येतो. आणि दक्षिण हिंदुस्थानात लागवडीखाली असलेल्या वाळ्यास तुरा आला तरी त्यात उगवण्याजोगे बी बहुधा धरत नाही. उत्तरेकडील नदीकाठांवर आपोआप वाढणारा वाळा मात्र बीजापासून पसरतो. म्हणजे आपल्या परसातील ही दोन्ही गवते ठोंब फोडून, शेजारणीकडून शेजारणीकडे आणि गावाहून गावाकडे माणसाच्या हातांनीच गेली. माणसाने हात आखडता घेतला की त्यांचा प्रवास थांबतो.

वाळ्याचा उपयोग माठापुरताच राहिला नाही. अबुल फज़लच्या 'आइन-इ-अकबरी'त वाळ्याच्या मुळ्यांच्या कुडाने उभारलेल्या गारव्याच्या खोल्यांचे वर्णन आहे. त्यावर पाणी मारले की उष्ण वारा आत येताना थंड आणि सुगंधी होतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या वाड्यांतून दारांस लावल्या जाणाऱ्या खसाच्या ताट्या ह्याच परंपरेतील होत. खानदेश व निमाड ह्या भागांतील रोशा गवताची कथाही अशीच आहे. ह्या रानगवतापासून काढलेले तेल एकोणिसाव्या शतकात मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. ज्या मुलखात गवताचा एवढा व्यापार चालला, तिथेही त्याचा तुरा कोणी विकत घेतला नाही. मोल झाले ते मुळीचे आणि पानाचे.

तुऱ्याचे सौंदर्य एका मोठ्या परंपरेने मनापासून स्वीकारले, ती जपानची. शरदातील सात तृणपुष्पांची गणना यामानोउए नो ओकुरा ह्या कवीने केली, ती आठव्या शतकातील 'मान्योशू' ह्या संग्रहात आहे. त्या सातांत सुसुकी हे उंच, रुपेरी तुऱ्याचे गवत आहे. शरदाच्या पौर्णिमेस चंद्रदर्शनाच्या वेळी त्याच्या काड्या फुलदाणीत ठेवण्याची प्रथा तेथे आजही आहे. सुसुकी जपानच्या डोंगरउतारांवर मूळचेच असल्याने त्याचे बी उडून कोणाचे काही बिघडत नाही. ते त्याच्याच घरात राहते.

युरोपात ह्याची वाट निराळी झाली. जॉन जेरार्डने आपला प्रसिद्ध वनस्पतिग्रंथ १५९७ मध्ये लंडनमध्ये छापला. त्यात पट्टेदार पानांचे एक गवत आणि पिसासारख्या तुऱ्याचे दुसरे एक गवत ह्यांचा उल्लेख आहे. हे दुसरे गवत काही स्त्रिया पिसाच्या जागी वापरीत. परंतु ही विरळ हौस होती. युरोपीय बागेत गवताचे मुख्य रूप म्हणजे छाटलेली हिरवळ. एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व १८३० मध्ये घेतले, तेव्हापासून ही हिरवळ सामान्य घरांच्या आवाक्यात येऊ लागली. हिरवळीचा सारा नियमच असा की, गवताने गवतासारखे दिसू नये. त्याने तुरा काढू नये, उंच होऊ नये, हलू नये. इंग्रजी अंमलात बंगले, छावण्या आणि क्लब ह्यांच्या मार्गाने ही कल्पना आपल्याकडे आली. तिला येथे गवत मिळाले ते आपल्या हरळीचे, म्हणजे दूर्वांचेच. देवास वाहावयाची वस्तू पायांखालचा गालिचा झाली. ह्यात कोणास दोष देण्याचे कारण नाही, परंतु बदल मोठा होता.

तुऱ्याचे गवत युरोपच्या बागेत मानाने शिरले ते पंपास गवताच्या रूपाने. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे व दक्षिण ब्राझील ह्या प्रदेशांचे हे गवत. त्याचे शास्त्रीय नाव ब्राझीलमध्ये संशोधन केलेल्या फ्रीड्रिख सेलो ह्या जर्मन वनस्पतिज्ञाच्या नावावरून पडले. ब्यूनस आयर्स येथे राहणाऱ्या जेम्स ट्वीडी ह्या माळ्याने १८४० च्या सुमारास त्याचे बी डब्लिनजवळच्या ग्लासनेव्हिन उद्यानाकडे पाठविले. पुरुषभर उंचीचा, शुभ्र पिसाऱ्याचा हा ठोंब पाहता पाहता श्रीमंतांच्या बागांचे भूषण झाला आणि वाळविलेले तुरे दिवाणखान्यांत उभे राहू लागले.

पुढची हकीकत शिकण्याजोगी आहे. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जोसेफ सेक्स्टन ह्या रोपवाटिकाकाराने १८७० च्या दशकात पंपासची व्यापारी लागवड सुरू केली. ह्या गवताची काही झाडे केवळ स्त्रीपुष्पांची असतात, काही उभयपुष्पी असतात. स्त्रीपुष्पी झाडांचे तुरे अधिक भरघोस व रेशमी असतात, हे त्याने हेरले आणि तीच झाडे ठोंब फोडून वाढविली. जवळपास पराग देणारे झाड नसल्यास अशा झाडास बी धरत नाही. म्हणजे केवळ बाजाराच्या सोयीने का होईना, तुरा हवा आणि प्रसार नको ही अवघड गोष्ट तेथे साधली होती. पुढे बीजापासून केलेली रोपे विकली जाऊ लागली, त्यांत दोन्ही प्रकारची झाडे आली, आणि बी वाऱ्यावर निघाले. त्यातच अँडीज पर्वताकडील त्याचे एक भावंड पंपास ह्याच नावाखाली पसरले. त्यास तर परागावाचूनच बी धरते. आज कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ह्या गवतांचा उपद्रव मोठा आहे. न्यूझीलंडने त्यांच्या विक्रीस व लागवडीस बंदी केली असून स्पेनने पंपासला आक्रमक वनस्पतींच्या यादीत घातले आहे.

अशीच दुसरी कथा फाउंटन गवताची. उत्तर आफ्रिकेकडील हे कोमल, झुकत्या तुऱ्याचे गवत विसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी हवाई बेटांवर नेले गेले. तेथील कोरड्या बाजूच्या लाव्हाभूमीवर ते पसरले. पूर्वी त्या खडकाळ भूमीवर झाडाझाडांमध्ये मोकळी जागा असे, म्हणून वणवा पुढे जात नसे. गवताने ती जागा भरली. ते वाळले की आगीस अखंड वाट मिळू लागली, आणि जळालेल्या जागी मूळच्या झाडांपूर्वी गवतच परत उगवू लागले. युरोपीय संघाने २०१७ मध्ये ह्या गवतास आपल्या निषिद्ध यादीत घातले.

एवढे वाचून परदेशी गवते वाईट आणि आपली गवते चांगली, असा निष्कर्ष कोणी काढू लागेल. तो आम्हांस मान्य नाही, कारण हीच गोष्ट उलट बाजूनेही घडली आहे. आपल्याकडे दर्भ म्हणून ओळखले जाणारे एक गवत आशिया खंडात दूरवर पसरलेले आहे. ते १९११–१२ च्या सुमारास जपानहून आलेल्या मालाच्या खोक्यांत भरण म्हणून अमेरिकेच्या अलाबामा राज्यात पोहोचले आणि पुढे चाऱ्यासाठी मुद्दामही आणले गेले. आज त्या देशाच्या आग्नेय भागातील अत्यंत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. कालिदासाचा काश पनामात मोकाट वाढतो आहे. आणि दूरचे कशास? काळ्या रानातला शेतकरी हरळी, कुंदा आणि लव्हाळा ह्यांची नावे एका दमात घेतो, ती भक्तीने घेत नाही. खोल नांगरून, मुळ्या वेचूनही हरळी हटत नाही. ह्याच काशाचा संकर उसाशी करून कोइमतूरच्या केंद्रात बार्बर व वेंकटरामन ह्यांनी को २०५ ही जात सिद्ध केली व ती १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली, हेही विसरता येत नाही. जे गवत एके ठिकाणी पवित्र, ते दुसऱ्या ठिकाणी तण आणि तिसऱ्या ठिकाणी उसाचा पूर्वज होते. गवताचा परका किंवा स्वकीय जन्म हा त्याचा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. ते कोणत्या मार्गाने पसरते आणि ज्या भूमीत आपण ते लावतो तिथे त्यास आवरणारे काय आहे, हा खरा प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचे एक समाधानकारक उत्तर जर्मनीत मिळाले. पॉट्सडॅमजवळील बोर्निम येथे रोपवाटिका चालविणारे कार्ल फ्योर्स्टर (१८७४–१९७०) ह्यांनी दोन महायुद्धे आणि देशाची फाळणी पाहिली, पण गवतांचा ध्यास सोडला नाही. गवते व नेचे ह्यांच्या उद्यानप्रवेशावरील त्यांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे एक उभे, सडसडीत गवत हे दोन युरोपीय जातींच्या संकरातून झालेले आहे. त्यास देखणा तुरा येतो, पण उगवणारे बी धरत नाही. अमेरिकेतील बहुवर्षायू वनस्पतींच्या संघाने २००१ मध्ये त्यास वर्षाची वनस्पती म्हणून निवडले. पुढे पीट औडोल्फ ह्या डच उद्यानकाराने न्यूयॉर्कमधील जुन्या रेल्वेमार्गावरील उद्यानात (हे २००९ मध्ये खुले झाले) गवतांस पुष्पझाडांच्या बरोबरीचे स्थान दिले. हिरवळीने गवतास जे करू दिले नव्हते ते सारे, म्हणजे उंच होणे, हलणे आणि वाळूनही सुंदर दिसणे, ह्या मंडळींनी त्यास करू दिले.

ह्यातील शेवटची गोष्ट मात्र आपण जशीच्या तशी उचलू नये. वाळलेले गवत हिवाळाभर उभे ठेवावे आणि त्यावरील दहिवर पाहावे, ही शीत देशांची शोभा आहे. दख्खनच्या पठारावर फाल्गुन-चैत्रात उभे असलेले वाळके गवत म्हणजे सरपण. आपल्या गवतांचा भर पावसाळ्यात आणि शरदात. उन्हाळ्यापूर्वी ते कापून बुडखा मोकळा करणे हेच आपल्या हवेस शोभते.

आता हा विषय आपल्या भूमीस किती जवळचा आहे ते सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर, जिथे मातीचा थर बोटभरही नसतो, तिथे पावसाळ्यात जे हिरवेपण येते त्यात लहान लहान गवतांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांतील कित्येक जगात अन्यत्र आढळत नाहीत. ह्या गवतांचा अभ्यास पुण्यास रा. कृ. भिडे ह्यांनी केला. त्यांच्या सन्मानार्थ पश्चिम घाटातील एका तृणप्रजातीस 'भिडीया' हे नाव मिळाले. एका मराठी आडनावाने एक गवत साऱ्या जगाच्या शास्त्रग्रंथांत नांदते आहे. ब्लॅटर व मॅककॅन ह्यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ मध्ये आणि बोर ह्यांचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश व लंका ह्यांतील गवतांवरील ग्रंथ १९६० मध्ये निघाला. जागतिक वारशाच्या यादीत २०१२ मध्ये आलेले कासचे पठार ह्याच सड्यांपैकी एक. जे तुरे वाऱ्यावर मैलोगणती बी सोडतात, त्यांस ह्या उघड्या सड्यांच्या आसपासच्या बंगल्यांतून स्थान देणे हा केवळ बाग लावणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न उरत नाही. हवाईत जे गमावले ते एका पिढीच्या हौसेने गमावले, आणि ते परत मिळविण्यास अनेक पिढ्यांचे श्रमही अपुरे पडत आहेत.

तेव्हा निवड करणाऱ्याने विक्रेत्यास तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्ही सुचवितो. ह्यास बी धरते काय? ह्याच्या मुळ्या एका ठोंबात राहतात की जमिनीखालून धावतात? आणि उन्हाळ्यात ह्याचे काय करावयाचे? ह्या कसोटीस आपली जुनी गवते चांगली उतरतात. गवती चहाचे ठोंब पावसाळ्याच्या आरंभी फोडून, पाने वीतभर ठेवून छाटून, दोन-अडीच फुटांच्या अंतरावर लावले की वाटेच्या कडेस सुंदर झुकती ओळ तयार होते. दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा फोडावे. वाळा पुरुषभर उंच होतो आणि त्याच्या मुळ्या आडव्या न पसरता सरळ खोल जातात. कर्नाटकातील शेतकरी बांधावर तो पूर्वापार लावीत आले; १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी हीच युक्ती धूप थांबविण्यासाठी देशोदेशी नेली. मात्र उतार धरून ठेवण्यासाठी लावलेला वाळा मुळ्यांसाठी खणू नये; माठासाठी दुसरा ठोंब राखावा. रंगच हवा असेल तर जांभळ्या पानांचे जे फाउंटन गवत मिळते ते बहुधा निर्बीज असते. हिरव्या, बी धरणाऱ्या जातीपासून ते निराळे ओळखून घ्यावे. उंची हवी असेल तर हिरव्या रेषांचा पिवळा बांबू बेटानेच वाढतो. दूर्वा कुंडीत किंवा विटांच्या आळ्यात बऱ्या. पंपासचा मोह आवरावा, आणि काश पाहावयाचा असेल तर आश्विनात नदीकाठी जावे.

आमच्या वाचकांत अध्यापक पुष्कळ आहेत, म्हणून अखेरीस एक विनंती. शाळेच्या आवारात एका कोपऱ्यात ह्या पाच-सहा गवतांची ओळ लावावी आणि प्रत्येकापुढे त्याचे त्या गावातले नाव लिहावे. बेळगावकडे, गोव्यात, इंदुरास आणि हैदराबादेस एकाच गवतास मराठी घरांतून निराळी नावे ऐकू येतात. ती मुलांनी आपल्या आजीस विचारून आणावीत. त्या नावांची यादी आपल्या सभेकडे आली तर कोशकारांचेही काम होईल. आणि ज्या मुलाने एकदा गवताचा तुरा हातात चोळून त्यात बी आहे की नाही हे पाहिले, तो मोठेपणी रोपवाटिकेत गेल्यावर काय विचारावे हे विसरणार नाही.